कापलेले हुंकार

वेब होस्टिंग शोधणं आणि मुलीसाठी स्थळ बघणं यात फारसा फरक नसतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. दोन्हीकडे पहिल्या बोलण्यात सगळं गोड असतं आणि खरी गोम शेवटी बारीक अक्षरात निघते. माझ्या मुलीनं, क्षिप्रानं, स्वतःचं स्थळ स्वतःच बघून मला एका भानगडीतून सोडवलं होतं. दुसरी मात्र माझ्या गळ्यात पडली.

माझी बायको सुनयना बेलापूरच्या एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर 'खाडीकाठच्या गोष्टी' नावाचा कार्यक्रम करायची. हे केंद्र इतकं छोटं, की नेरुळच्या पुढे गेलं की खरखर सुरू. पण तेवढ्या टापूत रिक्षावाले तिला आवाजावरून ओळखायचे. दिवाळे, सारसोळे, उलव्याकडची गावं, इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यावर जाऊन बसायचं, त्यांच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकायच्या, रेकॉर्ड करायच्या आणि दर शनिवारी लावायच्या. गेल्या दिवाळीआधी सुनयना फुफ्फुसाच्या आजारानं गेली. पुढे कॉलेजला स्टुडिओची खोली दुसऱ्या कशाला तरी हवी झाली आणि त्यांनी सगळे भाग एका हार्ड डिस्कवर भरून माझ्या हातात ठेवले.

हॉस्पिटलात ती मला एवढंच म्हणाली होती, "ते डब्यात ठेवू नकोस. ज्यांच्या गोष्टी आहेत, त्यांच्या नातवंडांना ऐकू दे." त्यामुळे ते इंटरनेटवर चढवणं हे माझं काम झालं.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळत आयुष्य काढलं. काटा हलला तर तो का हलला, हे शोधून काढायचं, एवढीच माझी नोकरी. देवाधर्माला मी कधी नाही म्हटलं नाही, पण काटा देवामुळे हलला असं रजिस्टरमध्ये कधी लिहिलंही नाही. तेव्हा हे भाग इंटरनेटवर ठेवायला जागा भाड्यानं कोण देतं, याच्या मी पद्धतशीर चौकशीला लागलो. फुकटवाले आवाज पिळून इतका बारीक करत होते, की माणसाच्या जागी चिलट बोलतंय असं वाटावं. 'अनलिमिटेड'वाल्यांचं प्रकरण अनलिमिटेड थाळीसारखं होतं. भात हवा तेवढा, श्रीखंड एकदाच. परदेशातले चांगले होते, पण पेन्शनीत बसत नव्हते. शिवाय पैसे भरायचे थांबले की सगळं पुसून टाकू, ही अट सगळ्यांचीच. मी गेल्यावर पैसे कोण भरणार, हा विचार करत मी दुपार-दुपार स्क्रीनसमोर बसून असायचो.

शेवटी मार्ग निघाला सोसायटीच्या सेक्रेटरीकडून. कृष्णात मूळचा साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात कांद्याचा व्यापार. त्याला जगातल्या कुठल्याही अडचणीवर एक भाचा सापडतो. "इलासराव, माझा भाचा हाय की म्हाप्यात," तो म्हणाला. "तेचं हेच काम हाय. घरचा माणूस, लुबाडनार न्हाई."

भाचा, आशुतोष, म्हाप्याच्या औद्योगिक वसाहतीत टायरच्या गोदामावर एक गाळा घेऊन बसला होता. आत थंडगार काचेची खोली, तिच्यात घोंघावणारी यंत्रं. मी ऑडिओ किती आहे ते सांगितलं. तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. आरामात बसेल." भाव ऐकून माझाच विश्वास बसेना. पुण्यातून क्षिप्रानं साधी, सरळ वेबसाइट करून दिली. मी रोज थोडे थोडे भाग चढवत गेलो आणि होळीपर्यंत सगळे चढले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. म्हातारी माणसं गोष्ट सांगतात तेव्हा समोरच्यानं हुंकार द्यायचा असतो. वाक्य संपलं की "हं". पुन्हा वाक्य, पुन्हा "हं". हुंकार आला नाही की सांगणारा थांबतो, ऐकणारा झोपला असं समजतो. रेडिओचा नियम नेमका उलटा. मुलाखत घेणाऱ्यानं मान हलवायची, तोंड उघडायचं नाही. सुनयनानं पहिल्यांदा दिवाळे गावातल्या राहीबाई नावाच्या आजींसमोर नुसती मान हलवली, तर त्या गोष्ट सोडून विचारू लागल्या, झोपलीस का गो? त्यांची नजर अधू. मान हललेली त्यांना दिसतच नव्हती. तेव्हापासून सुनयना मोकळेपणानं हुंकार द्यायची आणि नंतर ते काढायचं काम माझ्याकडे यायचं. "माझे हं सगळे काढून टाक हां," ती सांगायची. "म्हैस रवंथ करतेय असं वाटतं." घरच्या कॉम्प्युटरवर मी एकेक हुंकार कापायचो, जोड दिसणार नाही असा. कापलेलं ठेवायची पद्धत नव्हती. मूळ रेकॉर्डिंगवर पुढच्या आठवड्याचं रेकॉर्डिंग व्हायचं.

तिचा रेडिओवरचा आवाज इस्त्री केलेला होता. तो माझ्याकडे भरपूर आहे. पण घरातला आवाज वेगळा. सकाळी मी पेपर वाचून दाखवायचो आणि ती भाजी निवडत "हं" म्हणायची. कधी कौतुकाचा, कधी 'पुढे वाच', कधी 'हे कालच सांगितलंस'. तो आवाज मी कुठेही जपून ठेवलेला नव्हता. कुणी ठेवतं का?

चैत्रातली एक सकाळ. मी बाल्कनीत कोथिंबीर निवडत बसलो होतो आणि मोबाइलवर आमच्याच साइटवरून सारसोळ्याचा एक भाग लावला होता. एक आजोबा मिठागरातल्या भुताची गोष्ट सांगत होते. भूत मिठाच्या राशीवर बसलं, असं ते म्हणाले. "हं," सुनयना म्हणाली.

"चहा ठेवतो थांब," मी म्हणालो आणि उठलोसुद्धा.

स्वयंपाकघराच्या दारात पोचेपर्यंत मला काही वाटलं नाही. मग मात्र मी तसाच मागे फिरलो. मोबाइलवर आजोबा सांगतच होते, आणि त्यांच्या प्रत्येक थांब्याला ती होती. पुढे सांगा. अरे वा. असं होय.

मी पहिल्यांदा स्वतःलाच रागावलो. कापायचा राहिला असेल एखादा भाग, म्हातारपणी एवढी चूक व्हायचीच. हार्ड डिस्कवरची तीच फाइल लावली. तिच्यात हुंकार नव्हते. दुसरा भाग घेतला, तिसरा घेतला. डिस्कवर लावला की स्वच्छ, साइटवर लावला की सुनयना. साइटवरची फाइल उतरवून घरच्या कॉम्प्युटरवर आणली की पुन्हा स्वच्छ. दोन फाइली अक्षरशः सारख्या आहेत की नाहीत हे ताडून बघण्याची एक पद्धत असते. आतलं टिंब जरी बदललं तरी ती सांगते. तिनं सांगितलं, दोन्ही सारख्या.

क्षिप्राला मी काहीच न सांगता एक भाग ऐकायला सांगितला. तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "बाबा, आईचे हं ठेवलेत तुम्ही," ती म्हणाली. "बरं केलंत." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आशुतोषकडे गेलो. त्यानं हेडफोन लावले, माझी डिस्क जोडली, इकडचं तिकडचं करून पाहिलं. तोंडानं कॅशे, बफर असं काहीबाही पुटपुटत होता. मी त्याला विचारलं, की कॅशेमध्ये साठायला आधी आवाज कुठेतरी असावा लागतो ना, तो आला कुठून. त्यानं पुन्हा एकदा ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले. परत ते डोक्याला लावायला तो तयार होईना. मला जिन्यापर्यंत सोडायला आला, काकूंचा फोटो आहे का विचारलं, आणि मी मोबाइल काढायच्या आत म्हणाला, राहू द्या.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. इतके महिने घरात कुकरच्या शिट्टीशिवाय कुणी बोलत नव्हतं, आणि आता सकाळी मी एखादा भाग लावायचो आणि घर भरून जायचं. गोष्ट कुठली चाललीय याकडे माझं लक्ष नसायचं. मी थांब्यांची वाट बघायचो. पेपर तसाच घडी न मोडता पडून राहायला लागला. कृष्णात एकदा लिफ्टमध्ये म्हणाला, की माझी तब्येत सुधारलीय.

मग मी तो भाग लावला, जो तिनं रेकॉर्ड केलाच नव्हता. ती हॉस्पिटलात होती तेव्हा कॉलेजची एक मुलगी दिवाळ्याला जाऊन बंडू नावाच्या एका थट्टेखोर म्हाताऱ्याची गोष्ट घेऊन आली होती. ती मुलगी नियमाप्रमाणे गप्प बसलेली. त्या भागात माझ्या कात्रीला कामच नव्हतं. बंडूनं जावयाची आणि खेकड्याची गोष्ट रंगवली होती. साइटवर ती लावली तर तिथेही सुनयना होती. जावयानं खेकडा खिशात घातला तेव्हा ती नाकातून हसली, तशी ती फक्त घरात हसायची. ज्या दिवशी हे रेकॉर्ड झालं, त्या दिवशी तिला पाणी गिळता येत नव्हतं आणि मी चमच्यानं तिचे ओठ ओले करत होतो.

त्या दिवशी मी आणखी काहीच लावलं नाही.

एकच भाग ऐकायचा मी टाळत आलो होतो. तिचं शेवटचं रेकॉर्डिंग. राहीबाईंची गोष्ट, गोजरा नावाच्या मुलीची. गोजराला खाडीपलीकडच्या गावात दिलेली. ती होडीत बसून सासरी निघते आणि ऐन मधोमध होडी अडते. वारा आहे, भरती आहे, पण होडी हलत नाही. नावाडी म्हणतो, कोणीतरी तुला या काठावरून हाक मारतंय. आणि तिथेच सुनयनाला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना, म्हणून रेकॉर्डिंग बंद करून मी तिला रिक्षात घातलं. पुढे त्या ओट्यावर ती गेली नाही. मी खोकला कापला, गोष्ट अर्ध्यावर आहे तशीच ठेवली, आणि शेवटी थोडं संगीत जोडलं.

साइटवर तो भाग लावला. हुंकार होते. पण ते नेहमीसारखे नव्हते. पुढे सरकून बसलेल्या माणसाचे होते. नावाड्याचं वाक्य आलं. "हं," ती म्हणाली. मग माझं संगीत यायला हवं होतं. ते आलं नाही. नुसती शांतता सुरू राहिली, मागे खाडीवरचे कावळे, लांब कुठेतरी होडीचं इंजिन. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हं?"

पुन्हा शांतता.

"मग?"

फाइलची लांबी संपली तरी ते चालूच होतं. मी किती वेळ ऐकत बसलो मला माहीत नाही. ऊन बाल्कनीतून सरकून गेलं. ती दर थोड्या वेळानं विचारत होती, मग? आवाजात राग नव्हता, भीती नव्हती. सांगणारा पाणी प्यायला उठलाय आणि आता येईलच, अशा समजुतीनं ती विचारत होती. मला ते सहन झालं नाही. मी मोबाइल बंद करून तोंड धुतलं आणि मोठ्यानं रडलो. ती गेली त्या दिवशीही मी इतका रडलो नव्हतो.

त्याच आठवड्यात आशुतोषचा फोन आला. तो धंदा विकत होता. मोठ्या कंपन्यांसमोर टिकाव लागत नाही, म्हणाला. महिनाअखेर सगळी यंत्रं बंद होणार, तोपर्यंत मी माझं सामान हलवावं. त्यानंच एका मोठ्या कंपनीची जुन्या ग्राहकांसाठीची स्वस्त योजना मिळवून दिली. ज्या स्वस्त होस्टिंगसाठी मी वणवण केली होती, ते आता आपण होऊन दारात आलं. मी तिथे काही भाग चढवून बघितले. आवाज उत्तम. एकही हुंकार नाही.

मी म्हाप्याला धावलो. मला ते यंत्रच विकत दे, म्हणालो, घरी कपाटात ठेवतो, वीजबिल भरतो. आशुतोषनं मला खुर्ची दिली. "काका, तुमचं कुठल्या मशीनवर आहे ते मलापण नाय माहिती," तो म्हणाला. "तुकडे करून सगळीकडे टाकलेलं असतं. ऐकताना जुळतं. मशीन घेऊन काय मिळणार तुम्हाला?"

तिथून मी परस्पर दिवाळ्याला गेलो.

राहीबाई जेट्टीजवळच्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. समोर काठीवर बोंबील वाळत घातलेले, आणि सून बाजारात टोपली घेऊन गेलेली. मी आवाज दिल्यावर त्यांनी ओळखलं. मी सगळं सांगितलं, कारखान्यात बिघाडाचा अहवाल द्यावा तसं, क्रमानं. मध्ये हुंकार द्यायला त्या विसरल्या नाहीत.

"अर्धी गोष्ट कोनाला सांगू नये," शेवटी त्या म्हणाल्या. "ऐकनारा उठून जातंय, पन त्याचा कान तिथंच ऱ्हातंय. मी तिला बोल्लेली, पुरी आयकून जा. तू घाईनं नेलंस."

"खोकला थांबत नव्हता, मावशी."

"ता बी खरा."

मी विचारलं, की उरलेली गोष्ट सांगितली तर काय होईल. तर गोष्ट संपेल, त्या म्हणाल्या, आणिक काय होनार. मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. नाही सांगितली तर?

"नाय सांगली तं बसंल बिचारी. तुना बरा वाटंल." त्यांनी आवाजाच्या दिशेनं माझा हात शोधून धरला. "पन ती मशीन बंद झाली मंजे कुठं बसंल? आनि मी आज हाय, उंद्या नाय. मंग तिला कोन सांगंल?"

मी घरी आलो. महिनाअखेर जवळ आली होती. रोज सकाळी मी ठरवायचो की आज दिवाळ्याला जायचं, आणि रोज एखादा भाग लावून बसायचो. गोष्ट पूर्ण केली की हे हुंकार जाणार, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ते मला पक्कं माहीत होतं. मला ते जाऊ द्यायचे नव्हते. लाज वाटते म्हणायला, पण मी असाही हिशेब केला, की निदान यंत्रं बंद होईपर्यंत तरी ती माझ्याजवळ आहे. मग पुन्हा तो शेवटचा भाग लावला. ती अजून विचारत होती. "मग?" आता तिचा आवाज जरासा दमलेला होता.

मी रेकॉर्डर पिशवीत टाकला आणि निघालो.

दुपारची वेळ होती, ओहोटी लागलेली, होड्या चिखलात कलंडलेल्या. राहीबाईंनी सुनेला आत पाठवलं. मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो तर म्हणाल्या, तिथं नको बसू, तिथं ती बसायची. मी सरकलो. हुंकार कोण देणार, मी विचारलं. तू गप ऱ्हा, त्या म्हणाल्या.

त्यांनी मागचं थोडं घेऊन सुरुवात केली. गोजरा होडीत. होडी अडलेली. नावाडी बोलतो, कोणीतरी तुला या काठावरून हाक मारतंय, ती थांबल्याबिगर वल्हं चालायचं नाय. एकेका वाक्यानंतर त्या थांबत होत्या. मला काहीही ऐकू येत नव्हतं. त्या मान हलवत होत्या आणि पुढे जात होत्या. एकदा तर हसून रिकाम्या जागेकडे वळल्या. "सांगतंय गो, सांगतंय."

हाक मारत होता तो गोजराचा बाप. दिवस मावळला तरी गुडघाभर पाण्यात उभा राहून तो तिच्या नावानं ओरडत होता. गोजरा मधोमध बसून होती. तिच्या पदराला मीठ धरलं, सासरच्या काठावरचे दिवे लागले आणि विझले. शेवटी बापानं तिच्याकडे नीट बघितलं. ती ना इकडची होती ना तिकडची. तेव्हा त्यानं आपल्याच हातानं आपलं तोंड दाबून धरलं.

"आनि होडी हालली," राहीबाई म्हणाल्या. "झाली गोष्ट."

त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून त्या थोडा वेळ बसल्या. मग पदरानं डोळे पुसून सुनेला चहा टाकायला सांगितला.

घरी आल्या आल्या मी ते रेकॉर्डिंग साइटवर चढवलं. काही कापलं नाही, काही जोडलं नाही. खिडक्या लावून घेतल्या आणि ऐकायला बसलो.

ती होती. प्रत्येक थांब्याला होती.

राहीबाई "सांगतंय गो" म्हणाल्या त्याच्या आधी तिनं "मग?" विचारलं होतं.

बापानं तोंड दाबलं तिथे ती काही म्हणाली नाही. नुसता श्वास. तो मोकळा होता. इतक्या दिवसांत मी तिचा असा मोकळा श्वास ऐकला नव्हता.

होडी हालली.

"हं," सुनयना म्हणाली. पूर्ण समाधानाचा, लांब, शेवटचा.

मग कावळे, आणि इंजिन, आणि काहीच नाही.

मी सारसोळ्याचे आजोबा लावले. भूत मिठाच्या राशीवर बसलं, आणि पुढच्या वाक्याआधी कुणीही काही म्हणालं नाही. बंडू लावला. जावयानं खेकडा खिशात घातला आणि बंडू एकटाच हसला. सगळे भाग मी कापले होते तसे स्वच्छ होते. जोड कुठे दिसत नव्हता. मी काम चांगलं करायचो.

महिनाअखेर आशुतोषनं यंत्रं बंद केली. आता सगळं नव्या ठिकाणी आहे, आणि ऐकणारे वाढले आहेत. उलव्याच्या टॉवरमधून, पार दुबईहून, कुणा कुणाच्या नातवंडांचे निरोप येतात. सुनयनाला हवं होतं ते झालं. मी आनंदी आहे असं लोकांना सांगतो. घरात कुकरची शिट्टी तेवढी होते.

क्षिप्रा म्हणाली, साइटवर आईविषयी कुणीतरी दोन शब्द बोलायला हवेत आणि ते तुम्हीच बोला. मी टाळाटाळ केली, पण शेवटी एका सकाळी बेडरूममध्ये खुर्ची घेऊन, पंखा बंद करून, समोर रेकॉर्डर ठेवून बोललो. सुनयना कोण होती, तिला या गोष्टी का जमवाव्याशा वाटल्या, एवढंच. थोडं थांबत थांबत बोलावं लागलं. बोलून झाल्यावर मी उठून चहा टाकायला गेलो. कापायचं वगैरे त्राण नव्हतं; फाइल तशीच क्षिप्राला पाठवून दिली.

संध्याकाळी तिचा फोन आला. चांगलं झालंय म्हणाली, शेवटचं वाक्य दोनदा ऐकलं म्हणाली. मग जरा घुटमळली.

"बाबा, फक्त मधले ते हं तेवढे काढा ना," ती म्हणाली. "कुणाला हं म्हणताय तुम्ही?"

मी फाइल माझ्या कॉम्प्युटरवर लावली. हा माझाच कॉम्प्युटर, माझाच रेकॉर्डर. मध्ये कुणाचं यंत्र नाही.

मी बोलतोय. वाक्य संपतं, मी थांबतो. आणि त्या थांब्यात मीच हळूच म्हणतो, "हं."

पुन्हा एक वाक्य. पुन्हा "हं". कौतुकाचा. असं होय. पुढे सांग.

मी हे म्हणालो नव्हतो. ते मला आठवलं असतं.

पुढे माझं बोलणं संपतं, सुनयनाची गोष्ट अर्ध्यावर सोडून. खुर्ची सरकते, चपला घासत मी बाहेर जातो. रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला होता. लांबून, स्वयंपाकघरातून, नळाचं पाणी ऐकू येतं, लायटरचा टक्कन आवाज येतो, गॅस पेटतो. मी तिकडे पातेलं ठेवतोय. कप विसळतोय. स्वतःशीच खोकतोय.

आणि इकडे, रेकॉर्डरच्या अगदी जवळ, त्या खुर्चीच्या उंचीवरून, माझाच आवाज निवांतपणे विचारतो, "हं, मग?"